किडनी सांभाळता सांभाळता हृदयाकडे बघायचं राहून गेलं

उशिराजाग (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. वय ५६, किडनीचा जुना आजार गेली नऊ वर्षं. मधुमेह नाही, रक्तदाब आहे. सध्या क्रिएटिनिन (किडनी कमी पडली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) २.०, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा अंदाजे वेग) ३८, म्हणजे पाच टप्प्यांपैकी टप्पा ३ब.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून आलेखाचा कागद चिकटवलेला आहे. आडवे महिने, उभं क्रिएटिनिन. दर तपासणीनंतर एक ठिपका द्यायचा आणि पट्टीने मागच्या ठिपक्याला जोडायचा. रेघ सपाट राहिली की तीन महिने मजेत, वर चढली की मी घरात कोणाशी धड बोलत नाही. बायको म्हणते, तुम्ही माझ्याशी नाही, त्या रेघेशी संसार करताय.

दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर चढताना मधेच कठड्याला धरून थांबावं लागलं. निदान माझं मीच केलं: हिमोग्लोबिन ११.२ आहे, किडनीवाल्यांना रक्त कमी असतंच, म्हणून दम लागतोय. तीन आठवडे तसेच ढकलले. रात्री आडवं झालं की दम लागून दोन उशा लागायला लागल्या तेव्हा बायकोने ओढत नेलं. टू-डी एकोत निघालं की हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठ झाली आहे. पंपिंग चांगलं आहे, पण कप्पा नीट सैलावत नाही, म्हणून नीट भरत नाही. लघवीची गोळी वाढवली, चार दिवसांत अडीच किलो वजन उतरलं आणि मी एका उशीवर आलो.

नेफ्रोलॉजिस्ट बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या टप्प्यावरच्या माणसाला डायलिसिस लागण्यापेक्षा हृदयाच्या दुखण्याने जाण्याची भीती जास्त. हे मी आधीही सांगितलं होतं." सांगितलं असेल. मी तेव्हा रिपोर्टात क्रिएटिनिन शोधत असणार.

तर विचारायचं हे: किडनीच्या आजारात हृदयाला नेमकं काय होतं? बीपी कितीवर ठेवायचं? माझं कोलेस्टेरॉल चांगलं असून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) लिहून दिलंय, घ्यायचं का? आणि डापाग्लिफ्लोझिन नावाची गोळी दिली आहे, ती तर मधुमेहाची निघाली. मला मधुमेह नाही!

शांतस्टेथो:

मी फिजिशियन आहे, पण इथे तुमची डॉक्टर नाही, हे आधी सांगून टाकते.

हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या दोन किडन्यांकडे जातो, आणि दोघींचं मिळून वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. इतका घरोबा असल्यावर एकीकडचं दुखणं दुसरीकडे जाणारच. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ सालीच लिहून ठेवलंय की किडनीच्या आजाराने गेलेल्यांच्या शवविच्छेदनात हृदय जाड झालेलं सापडतं. बीपी मोजायचा दंडपट्टा तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

होतं काय, तर मीठ आणि पाणी साठतं, किडनी बीपी चढवणारं रेनिन जास्त सोडते, बीपी वाढतं. वाढलेल्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं ढकलून हृदयाची भिंत जाड होते. व्यायामशाळेत दंड भरतो तशीच, फक्त इथे ते भूषण नाही. रक्त कमी असलं की हृदयाला जादा फेऱ्या माराव्या लागतात. पण माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं ते फॉस्फरसबद्दल. किडनी तो बाहेर टाकायला कमी पडली की कॅल्शियमचा हिशेबही बिघडतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना बसायला लागतो. नेहमीच्या हृदयविकारात चरबीचा थर नळीच्या आतल्या अस्तरात बसतो. किडनीच्या आजारात त्याच्या जोडीला मधला, स्नायूचा थरही कडक होतो. अशी नळी बुजण्याआधी ताठते. ताठ नळीत वरचं बीपी चढतं, खालचं पडतं, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः खालच्या दाबाच्या वेळी. म्हणजे कष्ट वाढले आणि खुराक कमी झाला.

आता उलट प्रश्न. तुमचा यूएसीआर किती? लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीची गाळणी गळायला लागली की लघवीत उतरणारं प्रथिन) आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर. अख्ख्या पोस्टमध्ये तो आकडा कुठेच नाही. ३० च्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० मध्यम, ३०० च्या वर जास्त. ईजीएफआर तोच असला तरी हा आकडा वर गेला की हृदयाचा धोका वेगळा चढतो. गळकी चाळणी नुसती किडनीची नसते, सगळ्या बारीक रक्तवाहिन्यांची अवस्था ती सांगत असते.

दमछाक:

वाचतोय. टप्पा ३अ. पाच वर्षांत माझा यूएसीआर एकदाच काढला होता, तोही विमा काढताना.

उशिराजाग:

फाईल शोधली. गेल्या वर्षी ४१०. त्याला वर्तुळही केलेलं आहे, डॉक्टरांच्या पेनने. माझ्या कागदावर त्याला रकानाच नाही.

कफवाली_लेक:

मी रुग्ण नाही. आईची किडनी टप्पा ४, सोबत मधुमेह. बीपी मोजायचं खातं माझ्याकडे, त्यामुळे त्यावर लिहिते.

पहिलं वर्षभर मी चुकीचं मोजत होते. आई स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, स्टुलावर बसायची, मी बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचे आणि मशीन फुगत असताना आम्ही गप्पा मारायचो. १५८, १६२. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मग दवाखान्यातल्या सिस्टरने एकदा सगळं नीट करून दाखवलं. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी. त्याच दिवशी, त्याच बाईचं १४१ आलं! वाढवलेली गोळी परत कमी झाली. मला इतकं ओशाळं वाटलं की सांगता सोय नाही.

पट्ट्याचा आकारही बघा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा चढतो. फिश्चुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडणं) केलेला असेल किंवा करायचं ठरलं असेल तर त्या हातावर बीपी नाही, सुई नाही. आईच्या त्या मनगटाला मी लाल धागा बांधून ठेवलाय, म्हणजे रक्त काढायला येणारा माणूस विचारतो तरी.

आणि उभं राहून एक-दोन मिनिटांनी परत मोजा. आईचं बसून छान, उभं राहिल्यावर २५ ने पडतं. न्हाणीघरात पडता पडता वाचली तेव्हा कळलं.

शंकेखोर:

एक जण म्हणतो १२०, दुसरा १३०, तिसरा १४०. डॉक्टरांचंच ठरत नसेल तर आम्ही काय करायचं?

शांतस्टेथो:

टोमणा रास्त आहे. २०१५ च्या स्प्रिंट अभ्यासात नऊ हजारांवर लोक होते, त्यातल्या पावभरांहून जास्त लोकांना किडनीचा आजार होता. वरचं बीपी १२० च्या आत ठेवलेल्यांमध्ये हृदयाचे प्रसंग आणि मृत्यू, दोन्ही १४० वाल्यांपेक्षा कमी निघाले. त्यावरून केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात १२० आलं. पण तो १२० म्हणजे कफवाली_लेक यांनी सांगितलं तशा शिस्तीत मोजलेला. धावतपळत मोजलेल्या आकड्याला तो लावला तर माणूस चक्कर येऊन पडेल. शिवाय स्प्रिंटमध्ये मधुमेही घेतलेच नव्हते. म्हणून बरेच डॉक्टर १३०/८० धरतात, आणि उभं राहिल्यावर बीपी पडणाऱ्या वयस्कर माणसाला त्याहूनही सैल. कोणाचं किती, हे डॉक्टर माणूस बघून ठरवतात.

शंकेखोर:

बरं. मग स्टॅटिनचं सांगा. कोलेस्टेरॉल नॉर्मल असताना गोळी खायची हा धंदा नाही तर काय?

गोळीगणित:

औषधशास्त्रातला माणूस आहे, थोडं मी सांगतो. किडनीवाल्याला स्टॅटिन देताना आधी धोका बघतात, कोलेस्टेरॉलचा आकडा नंतर. वय ५० च्या पुढे आणि ईजीएफआर ६० च्या खाली असेल, तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) काहीही असो, स्टॅटिन सुचवतात. २०११ चा शार्प अभ्यास, सुमारे ९,३०० किडनीचे रुग्ण, सिम्वास्टॅटिन आणि इझेटिमाइब (कोलेस्टेरॉलचीच दुसरी गोळी) एकत्र: रक्तवाहिन्या तुंबण्याचे मोठे प्रसंग १७ टक्क्यांनी घटले. जादू नाही, पण शून्यही नाही. त्याने किडनी मात्र सुधारत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

तुमच्या शंकेला खाद्य मीच देतो. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्यांदा स्टॅटिन चालू केलं तर फायदा दिसत नाही. २००५ आणि २००९ च्या दोन मोठ्या चाचण्यांत तेच निघालं.

शंकेखोर:

बघा! ज्यांना सगळ्यात जास्त धोका, त्यांनाच काम करत नाही.

गोळीगणित:

कारण तिथवर जाईपर्यंत आजाराचं रूप पालटतं. डायलिसिसवरची बरीच माणसं गुठळीने जात नाहीत. ठोक्यांची लय बिघडून, हृदय थकून जातात. स्टॅटिन त्या कामाचं औषधच नाही. म्हणून ते लवकर, या धागाकर्त्यांच्या टप्प्यावर सुरू करायचं. आधीपासून चालू असेल तर डायलिसिसमध्येही सहसा बंद करत नाहीत.

नवीन_भिडू:

माझा पहिलाच प्रतिसाद. मिठाचा प्रश्न मी सोडवलाय. साध्या मिठाऐवजी कमी सोडियमचं मीठ वापरतो, चव तीच. सगळ्यांनी

[संपादित: खालचा प्रतिसाद वाचून पुढचं काढून टाकलं]

गोळीगणित:

थांबा थांबा! त्या मिठात सोडियम काढून जागा भरलेली असते ती बहुधा पोटॅशियम क्लोराइडने. किडनी धड असलेल्याला ते चांगलंच. पण ईजीएफआर खाली, वर टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, आणि त्यावर हे मीठ, म्हणजे पोटॅशियम चढायला मोकळं रान. पोटॅशियम फार चढलं तर हृदय लय सोडतं, आणि आधी फारसं काही जाणवतही नाही. तुमचं शेवटचं पोटॅशियम किती होतं?

नवीन_भिडू:

५.४. तीन आठवड्यांपूर्वीचं. मीठ त्यानंतर सुरू केलं.

गोळीगणित:

मग डबा आजच बंद आणि डॉक्टरांना आजच फोन करून रक्त तपासा. उद्या नको. कळवा इथे.

शांतस्टेथो:

गोळीगणितांना अनुमोदन. मिठाचं गणित साधं आहे: दिवसभरात सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सोडियम २ ग्रॅम. वरून घातलेलं मीठ दिसतं तरी, खरं मीठ पाकिटातून येतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लागलात की 'फॉस्फेट' शब्दही शोधा. टिकवण्यासाठी घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच्या सगळा अंगात शोषला जातो, धान्य-कडधान्यातला फॉस्फरस त्या मानाने बराच कमी. नुसता 'फॉस्फरस जास्त' म्हणून कडधान्यं तोडणाऱ्यांनी आधी पाकिटं तोडावीत.

उशिराजाग:

आता एक कबुली. बायकोने वरचं सगळं वाचलं आणि म्हणाली, तेही लिहा.

तीन वर्षांपूर्वी मला टेल्मिसार्टन सुरू केलं होतं. तीन आठवड्यांनी तपासणी केली, क्रिएटिनिन १.६ चं १.८ झालेलं. रेघ वर! मी गोळी बंद केली. स्वतःच, कोणाला न विचारता. पुढच्या भेटीत "घेतोय" म्हणून ठोकून दिलं. त्यानंतर घरी बीपी १५० च्या पुढे-मागे असायचं, पण रेघ काही महिने खाली आली होती ना, मी खूश. आता एको बघताना डॉक्टरांनी विचारलं, "टेल्मिसार्टन घेऊनही इतकी जाडी कशी?" तेव्हा पाय लटपटले.

शांतस्टेथो:

लिहिलंत ते बरं केलंत. ही चूक करणारे तुम्ही पहिले नाही, पण लपवणं जास्त महागात पडतं. डॉक्टर पुढचे सगळे निर्णय खोट्या पायावर घेत राहतात.

या गोळ्या किडनीच्या गाळणीतला दाब कमी करतात. दाब कमी झाला की गाळण्याचा वेग थोडा घटतो आणि क्रिएटिनिन थोडं चढतं. हे औषध लागू पडल्याचं चिन्ह आहे. चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेतात, फक्त क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन ते चार आठवड्यांत तपासायचं. तुमची वाढ १.६ ची १.८, म्हणजे साडेबारा टक्के. बंद करण्यासारखं काहीच नव्हतं. ३० च्या वर गेली तर मात्र कारण शोधावं लागतं: अंगातलं पाणी कमी झालंय का, वेदनाशामक चालू आहे का, किडनीची धमनी अरुंद आहे का.

दमछाक:

वेदनाशामकावरून, आयब्युप्रोफेन कधीतरी चालतं ना? गुडघा फार बोलतो.

गोळीगणित:

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, त्या कुटुंबातलं कोणीच नको. टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी, लघवीची गोळी आणि वर हे, अशी तिघं एकत्र आली की किडनी काही दिवसांत बसू शकते. शिवाय अंगात पाणी धरतात, बीपी चढवतात, म्हणजे हृदयालाही मार. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉलची मात्रा किंवा लावायचं मलम, काय चालेल ते डॉक्टरांना विचारा.

डापाग्लिफ्लोझिनचा प्रश्न राहिला होता. ती जन्माने मधुमेहाची गोळी खरी. पण २०२० च्या डापा-सीकेडी अभ्यासात जवळजवळ एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता आणि नंतरच्या एम्पा-किडनीत तर निम्म्याहून जास्त लोकांना नव्हता. किडनी खालावण्याचा वेग दोन्हींत कमी झाला. हृदय थकून दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाणही या गोळ्यांनी घटतं, आणि धागाकर्ते, दोन उशांचा अनुभव तुम्ही घेतलाच आहे. यूएसीआर ४१० असलेल्या माणसाला ही दिली नसती तर मी 'का नाही' विचारलं असतं.

दोन सूचना मात्र फ्रीजवर चिकटवा. सुरुवातीला ईजीएफआर थोडा खाली येईल. वरचंच कारण, घाबरून बंद करू नका. आणि उलट्या, जुलाब, ताप, जेवण बंद, असं काही झालं किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर ही गोळी काही दिवस थांबवायची असते. कधी आणि कशी, हे आत्ताच विचारून ठेवा. लघवीच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते, तेव्हा स्वच्छता ठेवा आणि लाजू नका.

तीन_वार:

डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, सहावं वर्ष. तुम्ही सगळे अजून किनाऱ्यावर आहात, मी नावेत बसून लिहितोय.

आमचं हृदय दोन गोष्टींनी मार खातं: डायलिसिसच्या दोन वारांमध्ये साठणारं पाणी, आणि ते चार तासांत उपसणं. माझं वजन ६० किलो. एका खेपेला मी साडेचार किलो पाणी चढवून गेलो होतो. मशीनने ओढायला सुरुवात केली, तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढे काजवे, बीपी ८० वर. सिस्टरने पाय वर केले. नंतर डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं: तासाला किलोमागे १३ मिलिलिटरच्या वर उपसणं हृदयाला जड जातं. माझं जवळजवळ १९ होत होतं! तेव्हापासून दोन किलोच्या वर जात नाही.

कसं जमवतो, तर पाणी मोजून नाही, मीठ मोजून. मीठ गेलं की तहानेचं भूत मानगुटीवर बसतंच, मग कितीही छोटा पेला घ्या. ही अक्कल यायला मला दोन वर्षं लागली.

आणि आठवड्यातला तो दोन दिवसांचा मोठा खंड. त्यानंतरच्या दिवशी हृदय बंद पडण्याचं, मृत्यूचं प्रमाण वाढतं, हे २०११ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींवरून दिसलं. म्हणून त्या दोन दिवसांत मी मीठ आणि पोटॅशियम दोन्हीकडे जास्त लक्ष देतो. लग्नकार्य नेमकं त्याच दिवशी येतं, हा वेगळा छळ.

अवांतर: डायलिसिसचा वार चुकवू नका. मी दोनदा चुकवलाय, दोन्ही वेळा पहाटे खिडकी उघडून बसलो होतो.

दमछाक:

तीन_वार, तुमचं वाचून गार झालो. हिमोग्लोबिन वाढवायचं इंजेक्शन घेता का? मीही म्हणतो एकदा १४ करून टाकावं, दम तरी जाईल.

शांतस्टेथो:

१४ नको. जास्त म्हणजे चांगलं, असं समजून हिमोग्लोबिन १३ किंवा त्याच्या पुढे न्यायचा प्रयत्न केला तेव्हा २००६ आणि २००९ च्या अभ्यासांत हृदयाचे प्रसंग किंवा पक्षाघात उलट वाढले. इंजेक्शनवर असताना ते साडेअकराच्या वर ताणत नाहीत. आधी लोह तपासा.

कफवाली_लेक:

एक राहिलंच. आईला हार्ट अटॅक आला तेव्हा छातीत दुखलंच नाही. सकाळपासून मळमळ, गार घाम आणि "बसवत नाहीये गं" एवढंच. मला वाटलं पित्त. दुपारी ओठ पांढरे पडले तेव्हा नेलं. नेलं त्या ठिकाणी ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं आलं तर म्हणे, किडनीवाल्यांचं असंच असतं. नाव घेत नाही. चार तासांनी परत केलं तेव्हा दुप्पट. मग धावपळ झाली.

शांतस्टेथो:

ताई, हे सगळ्यांनी वाचावं. किडनीच्या आजारात ट्रोपोनिन थोडं चढलेलं राहतं हे खरं, पण म्हणूनच एका आकड्यावर थांबायचं नसतं. काही तासांनी परत करून चढतंय का बघायचं. आणि छातीत कळ येईलच अशी वाट बघू नका, मधुमेह असेल तर मुळीच नाही. नवा दम, गार घाम, मळमळ, अचानक गळाठा: आधी ईसीजी. घरचा जुना ईसीजी फाईलमध्ये वरच ठेवा, तुलनेला लागतो.

दमछाक:

आणि अँजिओग्राफीच्या रंगाने किडनी जाते म्हणतात, तर करायचीच नाही का?

शांतस्टेथो:

दोन वेगळ्या वेळा आहेत. अटॅक चालू असताना रंगाच्या भीतीने अँजिओग्राफी टाळणं, हे घर जळत असताना गालिचा भिजेल म्हणून पाणी न मारण्यासारखं. पाणी-सलाइन बघून, कमीत कमी रंग वापरून करतात. पण माणूस स्थिर आहे, ईजीएफआर ३० च्या खाली आहे आणि नुसती स्ट्रेस टेस्ट बिघडलेली आहे, तिथे घाई नाही. इस्केमिया-सीकेडी या २०२० च्या अभ्यासात अशांना आधीच अँजिओग्राफी करून फायदा दिसला नाही. नीट औषधं तितकीच ठरली. तेव्हा "ही तातडीची आहे की सवडीची?" हे डॉक्टरांना सरळ विचारा.

नवीन_भिडू:

पोटॅशियम ५.९ आलं. त्याच दिवशी औषध दिलं, तीन दिवसांनी ५.१. गोळीगणित, आभार मानायला शब्द नाहीत. ते मीठ शेजाऱ्यांनी मागितलं होतं, पण त्यांनाही बीपीची गोळी चालू आहे, म्हणून टाकूनच दिलं.

उशिराजाग:

सात आठवड्यांनी लिहितोय. टेल्मिसार्टनचं खरं काय ते डॉक्टरांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. टेल्मिसार्टन परत सुरू केलं, दोन आठवड्यांनी स्टॅटिन, मग डापाग्लिफ्लोझिन. सिगारेट दिवसाला दोन उरली होती (हेही लिहिलं नव्हतं, हो), ती महिनाभर बंद आहे.

क्रिएटिनिन २.२. हात शिवशिवला, खरंच. गोळ्यांचा डबा उघडून त्या पांढऱ्या गोळीकडे बघत उभा होतो. मग दहा टक्केच वाढ आहे असा हिशेब केला, तरी फोन लावला. "चालू ठेवा, पोटॅशियम ४.८ आहे, पंधरा दिवसांनी परत बघू." यूएसीआर ४१० चा २६५. रोज अर्धा तास चालतो, दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता जातो, तिसऱ्याला थांबतो.

कागद नवीन लावला. आता रकाने पाच: बीपी, यूएसीआर, पोटॅशियम, सकाळचं वजन आणि क्रिएटिनिन. बीपीची आठवड्याची सरासरी १३४. १३० च्या खाली यायला हवं होतं असं वाटतंय, डॉक्टर म्हणतात अजून एक गोळी वाढवावी लागेल.

कफवाली_लेक:

गोळी वाढवण्याआधी पट्टा बघितलात का? त्यावर दंडाचा घेर सेंटिमीटरमध्ये छापलेला असतो. टेपने दंड मोजा.

उशिराजाग:

मोजला. दंड ३५, पट्ट्यावर लिहिलंय २२ ते ३२. मोठा पट्टा मागवलाय. तोवर वरचा १३४ कोणी धरू नका.